जलद बसआधी केएमटीच्या वाटा सुट्या करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूर महापालिकेच्या केएमटी बससेवेने शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीसाठी शिफ्टच्या वेळी मोजकेच थांबे घेणाऱ्या जलद बस सोडाव्यात, अशी मागणी अधूनमधून होते. मागणी रास्त आहे, पण आधी हिशेब मांडायला हवा.

एक थांबा वगळला की ब्रेक, दारातली चढउतार आणि पुन्हा वेग घेणे मिळून अर्धे-पाऊण मिनिट वाचते. ३६ सेकंद धरू. दहा थांबे वगळले तर जाताना सहा मिनिटे. आता समजा, मार्गावर सहा बस आहेत आणि जाऊन-येऊन ७२ मिनिटे लागतात. म्हणजे दर १२ मिनिटांनी बस. त्यातल्या तीन जलद केल्या, तर वगळलेल्या थांब्यांवर २४ मिनिटांनी बस येणार. सरासरी ताटकळणे सहावरून बारा मिनिटांवर जाणार. जलद बसने वाचवलेली सहा मिनिटे मधल्या थांब्यावरच्या माणसाच्या खिशातून गेली. तो वाट पाहत बसत नाही, वडाप (शेअर जीप-रिक्षा) धरतो. बस बारा असतील तर मात्र हे ताटकळणे तीन मिनिटांनीच वाढते, आणि मग जलद फेरी परवडते.

गोकुळ शिरगावमार्गे कागलला जाणाऱ्या मार्गावर सहाच बस असतील, तर अर्ध्या वाटेवरून फिरवलेली फेरी जास्त कामाची. चार बस कागलपर्यंत, दोन वाटेतल्या शाहू नाक्यावरून परत. छोटी फेरी ३६ मिनिटांची धरली, तर दोन्ही प्रकारच्या बस १८ मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि आळीपाळीने लावल्यास शहरातल्या टप्प्यात दर नऊ मिनिटांनी बस मिळते. कागलकरांचे थांबणे वाढते, हे लपवू नये.

खरा घोळ वाटा एकत्र येण्याचा आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने डिसेंबर २०२५ मध्ये जलद एफ आणि धीम्या एम या गाड्यांचे क्वीन्स ते मॅनहॅटनमधले बोगदे कामाच्या दिवसांपुरते आपसात बदलले. नवा रूळ टाकला नाही. एफ आता जलद ई गाडीबरोबर ५३व्या रस्त्याच्या बोगद्यातून जाते, एम ६३व्या. जलद-धीम्या गाड्या एकमेकींत घुसण्याची ठिकाणे कमी झाली, की एकीचा उशीर दुसरीला चिकटत नाही.

आपल्याकडे दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, मध्यवर्ती बसस्थानक, दाभोळकर कॉर्नर या पट्ट्यात तेच होते. उशिरा आलेल्या बसला जास्त प्रवासी मिळतात, ती आणखी उशिरा धावते आणि मागची रिकामी बस तिला गाठते. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत शिरोलीकडच्या बस स्टेशन रोडने आणि गोकुळ शिरगाव-कागलच्या मिरजकर तिकटी, राजारामपुरी, सायबर चौक, शाहू नाका अशाच चालवाव्यात. शेवटच्या थांब्यावर पाच मिनिटे राखीव हवीत. वेळापत्रकातून पहिली काट याच मिनिटांना बसते, आणि मग सकाळचा उशीर दुपारपर्यंत फिटत नाही.

रेल्वेत जलद गाडीला वेगळा रूळ लागतो. बसला पुढची बस ओलांडता येते, पण पुढची बस कडेला लागली तरच. थांब्याच्या तोंडाशी रिक्षा-वडाप उभे असले की ती रस्त्याच्या मधोमध थांबते आणि मागची जलद बस तिथेच अडकते. या जागा आधी मोकळ्या करायला हव्यात.

आणि एक. अर्ध्या फेरीच्या बसवर ‘शाहू नाक्यापर्यंतच’ अशी पाटी समोर आणि दाराजवळ, दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत लावावी. नाहीतर कागलचे प्रवासी त्यात बसतील आणि कंडक्टरची रोज भांडणे होतील.

– वाहतूक नियोजनाचे अभ्यासक, कोल्हापूर