काकू दुपारी कुठं जातील?

कर्वेनगर, पुणे
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय संतोष,

तुझा फोन आला तेव्हा मी मेट्रोत उभा होतो, आणि निम्मं बोलणं 'पुढील स्थानक'मध्ये वाहून गेलं. एवढं कळलं की हिंजवडीची नोकरी पक्की झाली, जूनच्या आत सगळं बिऱ्हाड हलवतोयस, आणि "तीन फ्लॅटच्या लिंका टाकल्यात, त्यातला एक फायनल करून टाक." लेका, कोथिंबिरीची जुडी आहे का ती? लिंका बघितल्या. मोबाइलवर एवढं टाइप करणं माझ्यानं होत नाही, म्हणून कागद घेतलाय. फोटो काढून पाठवीन. अक्षर दहावीतलंच आहे, लावून वाच.

उंड्रीची लिंक आधी काढून टाक. फ्लॅट देखणा आहे, कबूल. पण उंड्री शहराच्या दक्षिणेला आणि हिंजवडी वायव्येला, मधे अख्खं पुणं. आपल्याकडं नांदेडात तरोडा नाक्यावरून वजिराबादला निघालं आणि वाटेत पान खाल्लं, तरी माणूस वेळेत पोचतो. तो हिशोब धरून नकाशा बघू नकोस. इथं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. सकाळी किती मिनिटं, संध्याकाळी किती, असंच विचारतात. पावसाळ्याचा आकडा आणखी वेगळा.

नऱ्ह्याचं भाडं बघून तुझे डोळे चमकले असणार. माझेही चमकले होते एकेकाळी. हिंजवडीला जायला समोरच बायपास, म्हणजे सोयीचं वाटतं. पण त्या बायपासवर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत जो उतार आहे, त्याची धास्ती आम्ही सगळ्यांनी घेतलेली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीनं तिथं एका फटक्यात चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. रोज दोनदा त्याच चौकातून जायचं, तेही पोरगी मागं बसवून? आणि दुसरं म्हणजे पाणी. उंड्री २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या अकरा गावांतलं, नऱ्हे २०२१ मध्ये आलेल्या तेवीस गावांतलं. गाव पालिकेत आलं म्हणजे नळाला पाणी आलं, असं समजू नकोस. इमारती आधी उभ्या राहतात, पाइप मागून रांगत येतो, आणि तोवर टँकर. त्याच तेवीसांतलं एक गाव नांदेड. होय, आपल्या गावाच्या नावाचं, सिंहगड रस्त्यावर. शेजारी 'नांदेड सिटी' नावाची टाउनशिपही आहे. "नांदेड सोडलं आणि नांदेडात गेला" हा विनोद तुझ्या मामांना सुचायच्या आत सांगतो, की गेल्या महिन्यापासून जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) जे रुग्ण सापडले त्यातले बरेच त्याच पट्ट्यातले, नांदेड, किरकटवाडी, धायरी. संशय दूषित पाण्यावर आहे. आमच्याकडंही पाणी उकळून गाळून चाललंय.

राहिलं पुनावळे. तुझ्या ऑफिसला त्यातल्या त्यात जवळ, इमारत नवी, क्लब हाउस आहे, पोहायचा तलाव आहे. (प्यायचं पाणी दिवसाआड आणि पोहायचं रोज, हे मला कधीच नीट पचलेलं नाही.) पण एक लक्षात घे. पुनावळे, वाकड हे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. बाणेर, बालेवाडी पुणे महापालिकेत. आणि जिथं तू कामाला जाणार ती हिंजवडी अजून ग्रामपंचायतच आहे. पत्त्यात सगळीकडं पुणे लिहितात म्हणून सगळं एकच नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. आमच्याकडं रोज येतं, पण दुरुस्ती निघाली की गुरुवारी बंद. ब्रोकर यातलं काहीही सांगणार नाही, तो तुला गॅलरीतून दिसणारा डोंगर दाखवेल.

मी पुनावळ्याला नाही म्हणतोय ते मात्र पाण्यासाठी नाही. तुला माहीत आहे, २०१४ मध्ये मी वाकडला घर घेतलं होतं भाड्यानं. त्याआधी नारायण पेठेत कॉट बेसिसवर होतो, एका खोलीत तिघं, मेसचा डबा, एमपीएससीच्या नावाखाली दोन वर्षं अभ्यासिकेत. तिथून एकदम नवव्या मजल्यावर. मला वाटलं, जिंकलो. भाग निवडताना मी एकच गोष्ट बघितली होती, ऑफिस. ते सहा किलोमीटरवर. भूमकर चौकात त्यातली दोन कधीकधी पाऊण तास खायची, पण ते जाऊ दे. लग्न झालं आणि आई-बाबांना आणलं.

आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. चारी दारं बंद. एकात दोन पोरं रात्रपाळीची, एकात कुणीच नाही, एकात तेलुगू जोडपं, बिचारं भलं होतं, पण आईला त्यांची भाषा येईना आणि त्यांना आईची. बाबा सकाळी खाली उतरले की वॉचमनशी बोलायचे, कारण तो परभणीचा होता. संक्रांत आली. आईनं आणि हिनं हळदीकुंकू करायचं ठरवलं. आई म्हणाली, "एवढी मोठी बिल्डिंग, एकवीस तरी बाया येतील." वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या, एकवीस, स्टीलच्या, दांड्याला निळं प्लॅस्टिक. दारात रांगोळी काढली, लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली. साडेपाचला आई इरकल नेसून हॉलमध्ये बसली. लिफ्ट वर यायची, आमच्या मजल्यावर थांबेल असं वाटायचं, आणि पुढं जायची. आठपर्यंत दोघी आल्या. एक त्या तेलुगू वहिनी, एक आमच्या घरी भांडी घासायला यायच्या त्या मावशी. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या मॅनेजरनं काढली, लिफ्टमध्ये कागद चिकटवायला परवानगी लागते म्हणून. एकोणीस गाळण्या माळ्यावर. आई काही बोलली नाही. मार्चमध्ये म्हणाली, "शेताचं बघायला कुणी तरी पाहिजे," आणि दोघं गावी गेली. शेत तर बटईनं दिलेलं होतं.

दोन हजार अठरात माझी नोकरी बदलली. नवं ऑफिस खराडीत, म्हणजे बरोबर दुसऱ्या टोकाला. ज्या ऑफिसासाठी वाकड धरलं होतं तेच उठून गेलं. या शहरात नोकरी दर चार-पाच वर्षांनी दिशा बदलते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तू तुझा हिंजवडीचा पत्ता मधोमध ठेवून कंपासनं वर्तुळ काढतोयस. ते केंद्र हलणार आहे. तू दिवसातले अकरा तास घराबाहेर. घरात राहणार तुझे आई-बाबा, म्हणजे काका-काकू, आणि दुपारनंतर तुझी चिऊ. म्हणून मला फोटोतल्या प्रत्येक फ्लॅटबद्दल एकच विचारायचंय: चारच्या चहानंतर काकू कुठं जातील? तुमच्या गल्लीत त्या ओट्यावर बसतात, गुरुवारी भजनाला जातात, परत येताना भाजी आणतात. काका वाचनालयात जाऊन तीन पेपर वाचतात. हे सगळं पुनावळ्याच्या चौदाव्या मजल्यावर कुठं आहे?

म्हणून मग आम्ही कर्वेनगरला आलो. चार मजली जुनी इमारत, आम्ही दुसऱ्यावर, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये गाडी लावणं म्हणजे रोजचा वाद. भाडं २२,००० देतो. खाली किराणा, कोपऱ्यावर गिरणी, पाच मिनिटांवर मंदिर. खराडी लांब, पण मी नळ स्टॉपपर्यंत स्कूटरनं जातो, तिथून मेट्रोनं थेट रामवाडी, पुढं शेअर रिक्षा. मार्च २०२४ मध्ये ती लाइन रामवाडीपर्यंत गेली, त्याआधीची सहा वर्षं दुचाकीवर पाठ मोडून घेतली. खोटं कशाला सांगू, अजूनही रोजचे दोन-अडीच तास जातात. पण आई गेली तीन वर्षं इथंच आहे, आणि शेताचं नाव काढत नाही.

तुझ्यासाठी दोन भाग सुचतात. एक कोथरूड, म्हणजे पौड रस्त्याकडची भुसारी कॉलनी, नाहीतर डहाणूकर कॉलनी. चांदणी चौकातून बायपासला लागायचं. तिथला नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून निदान चौकातच संध्याकाळ होत नाही. कंपनीची बस असेल तर त्या बाजूनं सोपं पडतं. काकांना नाटक, व्याख्यान, बाग, सगळं रिक्षाच्या टप्प्यात. तोटा म्हणजे भाडं जास्त आणि खोल्या लहान, तुमचं शिसवी कपाट दारातून आत जाणार नाही. दुसरा भाग नवी सांगवी, पिंपळे गुरव. पाणी दिवसाआडच, पण हिंजवडी जवळ, औंधचं जिल्हा रुग्णालय हाकेच्या अंतरावर, आणि मराठवाड्याची माणसं इतकी की भाजीवालीशी बोलताना 'कामून' म्हटलं तर ती हसणार नाही. माझं मन कोथरूडकडं झुकतं. हिचं सांगवीकडं. हिचे अंदाज माझ्यापेक्षा बरे निघतात, हेही नोंदवून ठेव.

पेठांत बघू नकोस. काकांना पुस्तकांच्या दुकानांमुळं अप्पा बळवंत चौकाजवळ राहायला स्वर्ग वाटेल, पण चारचाकी लावायला जागा नाही आणि बऱ्याच खोल्या एमपीएससीच्या पोरांनी भरलेल्या.

नदी आणि ओढे मात्र बघ. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो लोंढा आला, त्यानं अरण्येश्वर, सहकारनगर भागात भिंती पाडल्या, माणसं गेली. एरवी तो ओढा नाल्यासारखा दिसतो, कुणी वळून बघत नाही. गेल्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आमच्या समोरच्या काठावर, एकतानगरीत, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. आई खिडकीत बसून रात्रभर राजाराम पुलाकडं बघत होती. तेव्हा घर बघताना विचार, निळ्या पूररेषेत आहे का, लाल रेषेत आहे का. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. मालक हसेल. मग पार्किंगच्या भिंतीकडं बघ, रंग कुठपर्यंत फुगलाय ते. जुन्या सांगवीत तर हे हटकून बघ.

आणि रविवारी दुपारी घर बघून होय म्हणू नकोस, ब्रोकर मुद्दाम तीच वेळ देतात. सोमवारी सकाळी पावणेनऊला त्या घरापासून ऑफिसकडं एकदा जाऊन बघ. नंतर वॉचमनला चहा पाजून विचार, एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे. वॉचमन खोटं बोलत नाही, त्याला ब्रोकरेज मिळत नाही.

आडनावाचं मात्र तुला आधीच सांगून ठेवतो, ऐनवेळी मनाला लागू नये म्हणून. फोनवर गोड बोलणारे काही मालक आडनाव विचारतात आणि मग "घरच्यांना विचारून कळवतो" म्हणतात. नाहीतर "मटण-मच्छी करता का?" माझ्याशी चार ठिकाणी झालं. पाचव्या ठिकाणच्या आजींनी विचारलं, "भांडता का?" मी म्हटलं, "थोडं." त्या म्हणाल्या, "चालेल." त्याच आमच्या मालकीण. अशीही माणसं भेटतात, फक्त वेळ लागतो, म्हणून मार्चपासूनच बघायला लाग.

करार नोंदवूनच घे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या नियमातून हे अकरा महिने आलेत. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन होतं, एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठा देऊन दहा मिनिटांत काम. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती द्यायची असते, तेही त्याच वेळी उरकून घे. डिपॉझिट बँकेतून दे, रोख देऊ नकोस. आत शिरताना भिंतींचे, नळांचे, फरशीचे फोटो काढ. वाकडच्या मालकानं माझ्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले, आणि ज्या ओलीसाठी कापले ती मी येण्याआधीची होती. फोटो नव्हता, गप्प बसलो.

विकत घ्यायचं काढू नकोस लगेच. तुझ्या सासऱ्यांचा फोन येईल, "भाडं म्हणजे पाण्यात पैसा" म्हणून. हो म्हण आणि वर्षभर भाड्यानंच राहा.

आता असं कर. होळीनंतरच्या आठवड्यात ये, एकटा नको, काकूंना घेऊन ये. शुक्रवारच्या रात्रीची ट्रॅव्हल्स धर, म्हणजे सोमवारची सकाळही मिळते. तू आणि मी फ्लॅट बघत फिरू. काकूंना मात्र मी फ्लॅट दाखवणार नाही. आई त्यांना दुपारी चारला भुसारी कॉलनीत नेईल, दुसऱ्या दिवशी नव्या सांगवीत, आणि दोघी तासभर नुसत्या फिरतील. परत आल्यावर काय म्हणतात ते ऐकू. चिऊचा शाळा सोडल्याचा दाखला आत्ता काढू नकोस, इकडं प्रवेश ठरल्याशिवाय काढला तर मधेच लटकशील.

येताना आपल्याकडची ज्वारी आण, दहा किलो तरी. इथली भाकरी थापताना तुटते असं आई रोज म्हणते. माळ्यावर अजून अकरा गाळण्या आहेत, त्यातली एक काकूंना देणार म्हणून तिनं काल धुऊन ठेवली.

तुझा,
अनिल