पाठ करून उभे राहिलेले लोक

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय पम्या,

वहिनींचा फोन येऊन गेला. त्यांच्यावर रागावू नकोस. पाच आठवडे त्यांनी सगळं एकटीनं पेललं, शेवटी मला सांगितलं, आणि सांगतानाही एकच घोर, "भावजी, पेठेत कुणाला कळू देऊ नका, त्यांना आवडायचं नाही." मी शब्द दिला आणि आजपर्यंत पाळला. आता त्या शब्दातून तू मला मोकळं करावंस, म्हणून हे लिहायला बसलोय.

ऑफिसच्या जिन्यात तू कोसळलास, खालच्या वॉचमननं तुझी छाती दाबत ठेवली, आणि आता तुझ्या कॉलरबोनखाली आयसीडी आहे, हृदय बिघडलं की आतूनच झटका देणारं यंत्र. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन आला. तुलाही दवाखान्यात पडल्या पडल्या तोच आठवला असणार, कारण ती मॅच आपण दोघांनी बरोबर बघितली होती. १२ जून २०२१, आपल्याकडं रात्री साडेनऊची, युरो स्पर्धेतली, कोपनहेगनला, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. तू पुण्यात, मी इथं, मध्ये फोन स्पीकरवर.

४३वं मिनिट. माहलेनं थ्रो-इन टाकला, एरिक्सन चेंडूकडं दोन पावलं आला आणि तसाच पुढं पडला. कुणाचा धक्का नाही, कुणाचा पाय नाही. रेफ्री अँथनी टेलरनं तिथल्या तिथं खेळ थांबवून डॉक्टरांना हात केला. कप्तान सिमॉन क्येर धावत पोचला, त्याला कुशीवर करायला लागला. मग छाती दाबणं सुरू झालं, आणि तू म्हणालास, "बंद कर रे, बघवत नाही." मी आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं. म्हणून पुढचं मला जास्त आठवतंय.

क्येरनं आपल्या पोरांना एरिक्सनभोवती कडं करायला लावलं. माणसाला पाठ दाखवणं आपल्याकडं वाईटच. संकटात पाठ फिरवली म्हणजे माणूस कामातून गेला. पण त्या दिवशी त्या पोरांनी त्याच्याकडं पाठ केली ती त्याला झाकायला. तोंडं स्टेडियमकडं, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि आत दोस्ताच्या छातीवर डॉक्टरांचे हात चाललेत. कॅमेरा फट शोधत होता आणि हे पठ्ठे फट देत नव्हते. त्याची जोडीदार मैदानात धावत आली तेव्हा क्येर आणि गोलकीपर श्मायकेल तिच्याजवळ गेले, तिला धरून उभे राहिले. विजेचा एक झटका दिल्यावर त्याचं हृदय परत चाललं, असं संघाच्या डॉक्टरांनी, मॉर्टेन बोसेननी, नंतर सांगितलं.

स्ट्रेचर बाहेर न्यायची वेळ आली तेव्हा फिनलंडच्या प्रेक्षकांनी आडोशाला आपले झेंडे खाली टाकले. पम्या, फिनलंडची ती मोठ्या स्पर्धेतली पहिलीच मॅच होती. आजवर कधी पात्र न ठरलेला देश. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट बघितली, त्या दिवसासाठी आणलेले झेंडे त्यांनी समोरच्या संघाच्या खेळाडूची अब्रू झाकायला दिले. तो शुद्धीवर आहे असं कळलं नव्हतं, तोवर सगळं स्टेडियम चिडीचूप होतं. मग एका बाजूनं फिनलंडवाले ओरडायला लागले, "क्रिस्तियान!" आणि दुसऱ्या बाजूनं डेन्मार्कवाले, "एरिक्सन!" त्याचं अर्धं नाव परक्यांच्या तोंडी, अर्धं घरच्यांच्या.

मी तेव्हा शाहू स्टेडियममध्ये पोचलो होतो मनानं. पलीकडच्या पेठेचा खेळाडू पडला की आपण काय ओरडायचो? "उठ की, नाटक करतंय!" आपण दोघंही ओरडलोय. एकदा त्या पोराचं खरंच हाड मोडलं होतं, आणि त्याला रिक्षात घालून नेलं तेव्हाही आपल्या बाजूनं शिट्ट्या वाजत होत्या. मला त्याची लाज वाटते. तुलाही वाटते, माहीत आहे मला.

आणखी एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. ती मॅच झाली तेव्हा आबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. कोरोनाचे दिवस, दवाखान्यात आत सोडलं नाही, पंचगंगेवर आम्ही चौघं, तेही लांब. ज्या माणसानं पेठेतल्या प्रत्येक मयताला खांदा दिला, त्याच्याभोवती शेवटी कुणी नव्हतं. म्हणून तुझा फोन ठेवल्यावर त्या कड्याकडं बघत मी रडलो. आबांना ते मिळालं नाही, आणि तुला मिळू शकत असताना तू ते नको म्हणतोयस.

तुझं म्हणणं मला कळतं. लोक येतील, हळहळतील, "एवढा धडधाकट माणूस" म्हणतील. एरिक्सनलाही हे नवलच वाटलं होतं. दवाखान्यात फुलं येतच राहिली, आपण पाच मिनिटं मेलो होतो म्हणून लोक फुलं पाठवतील असं वाटलं नव्हतं, असं त्यानं २०२२च्या जानेवारीत मुलाखतीत सांगितलं. लोकांना लिहावंसं वाटलं याचा आनंद झाला, असंही म्हणाला. तो पडल्यावर पाच दिवसांनी, त्याच मैदानावर, बेल्जियमविरुद्ध दहाव्या मिनिटाला दोन्ही संघांनी खेळ थांबवला आणि सगळे मिनिटभर टाळ्या वाजवत राहिले. दहावं मिनिट, कारण त्याचा नंबर १०. तो तेव्हा जवळच्याच हॉस्पिटलात होता.

१० म्हटलं की मला गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनिअर आठवतो. २००४, डिसेंबरची ५ तारीख, बंगळूरला फेडरेशन कपची फायनल, मोहन बागानविरुद्ध. दोन्ही गोल त्याचेच, दुसरा मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो कोसळला आणि वाचला नाही. मैदानावर वेळेत नीट उपचार नाहीत म्हणून देशभर ओरड झाली. धेंपोनं १० नंबरची जर्सी कायमची बंद केली. लोकांचं प्रेम त्याच्यासाठीही होतं रे. पण नुसत्या प्रेमानं हृदय चालत नाही. तिथं छाती दाबणारे हात लागतात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, चांगली दोन इंच खोल, आणि झटका देणारं मशीन जवळ लागतं. कोपनहेगनला ते होतं. तुझ्या जिन्यात मशीन नव्हतं, पण ते हात होते. त्या वॉचमनकाकांना मला एकदा भेटायचंय.

एरिक्सनचं पुढचं तुला ठाऊक आहे. इटलीत आयसीडी घेऊन खेळू देत नाहीत, म्हणून त्याचा तिथला क्लब इंटर मिलान सुटला. इंग्लंडच्या ब्रेंटफर्डनं घेतलं. २६ फेब्रुवारी २०२२ला तो मैदानात उतरला तेव्हा समोरच्या न्यूकॅसलचे लोकही उभे राहिले. महिन्याभरानं तो कोपनहेगनच्या त्याच मैदानावर कप्तान म्हणून आला आणि सर्बियाला गोल मारला. २०२४च्या युरोत स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला, तेव्हा तो पडल्याला बरोबर ११०० दिवस झाले होते. तू परत खेळावंस म्हणून हे सांगत नाही. ते तुझे डॉक्टर ठरवतील. प्रत्येक वेळी त्याच्याभोवती माणसं होती, तेवढंच तुला दाखवायचंय.

पेठेतली पोरं विचारतायत, पम्या फोन का उचलत नाही. त्यांना काय सांगू? ती तुला बघायला येणार नाहीत, तुझ्याकडं पाठ करून उभी राहतील, एवढं मी बघतो. सीझनआधी तालमीत सगळ्यांना छाती दाबायला शिकवायचं ठरवतोय. शिकवायला डॉक्टर मिळालेत. पण कशासाठी, हे पोरांना सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल, आणि ते तुला विचारल्याशिवाय घेणार नाही.

शनिवारी कोयनेनं निघतोय. वहिनींना सांग, जेवायचं काही करू नका, मी डबा आणतोय, बिनमिठाचा. मी एकटा येऊ की चौघं, तेवढं कळव.

तुझा,
सद्या