काकूंना चालू दे

प्रिय बाळू,

काकू हॉस्पिटलातून घरी आल्या हे वाचून जीव भांड्यात पडला. पण शेवटी तू लिहिलंयस, 'आता तिला जागचं हलू देत नाही, पाणीसुद्धा हातात नेऊन देतो.' ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. आईलाही काकूंसारखाच सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. तिच्या बाबतीत तीन वर्षं आम्ही हेच केलं.

दम लागतो म्हणून आधी तिचं देवळात जाणं थांबलं, मग अंगण झाडणं, मग स्वयंपाक. प्रत्येक काम आम्ही मायेनं काढून घेतलं. श्वासातून औषध घ्यायचा पंप, गोळ्या सगळं वेळेवर. तरी शेवटी न्हाणीघरापर्यंत जातानाही ती भिंत धरायची. पुण्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी तिच्या मांड्या चाचपल्या आणि म्हणाले, "फुप्फुसं खराब आहेत ते खरंच, पण पाय तुम्ही बसवून ठेवून घालवलेत." ते अजून बोचतं.

पाय अशक्त झाले की थोड्याशा चालीनंही ते थकतात, जास्त हवा मागतात, आणि ती पुरवणं आजारी फुप्फुसांना जमत नाही. दम वाढतो, माणूस आणखी बसतं, पाय आणखी बारीक होतात. हे चक्र पायांकडून तोडायचं. त्यालाच पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुप्फुसांच्या रुग्णाला व्यायामानं पुन्हा उभं करणं, म्हणतात.

पहिल्या दिवशी तिला तीस मीटरच्या बोळात सहा मिनिटं चालायला लावलं. दमल्यावर थांबायची मुभा, पण घड्याळ चालूच. बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. आई दोनदा थांबली, 190 मीटर झाले. पुढे आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. दम शून्य ते दहापैकी किती, हे तिनंच सांगायचं. तीन-चारवर असला की मेहनत बरोबर. दम लागलेला चालतो, नव्हे, थोडा लागायलाच हवा, हे तिच्यापेक्षा मलाच उशिरा पटलं. रक्तातला ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला तर मात्र थांबवायचे.

श्वास सोडायला शिकवला तो दिवस विसरणार नाही. नाकानं हवा घ्यायची, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सावकाश सोडायची. त्यानं श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. आई म्हणाली, "हे तर फुंकणीचंच काम." फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हणाली, "हो आजी, पण निखारा फुलवायचा नाही, हळू." मला आपल्या दोन्ही घरांच्या चुली दिसल्या, ओल्या सरपणाचा धूर, आणि तुझी-माझी आई डोळे पुसत फुंकतेय. दोघींनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, तरी सीओपीडी. पुण्याचेच डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं होतं, त्यात चुलीचा धूर ठळक होता. आपल्याला मात्र ते आया आजारी पडल्यावर कळलं.

आठ आठवड्यांनी तीच चाचणी झाली. 255 मीटर, मध्ये एकदाच थांबून. फुंकून करायच्या तपासणीचे आकडे जवळजवळ तेच होते. फुप्फुसं बदलली नव्हती, आई बदलली होती. आता ती स्टुलावर बसून आंघोळ करते, कळशी उचलताना श्वास सोडते, दम लागला तर कट्ट्यावर कोपरं टेकून पुढे वाकते आणि घाबरत नाही. मध्यंतरी लग्नाच्या गडबडीत महिनाभर सगळं सुटलं, तर पुन्हा मागे गेली. म्हणून आता रोज सकाळी चालणं ठरलेलं.

काकू नुकत्याच घरी आल्यात, तर उशीर नको. हॉस्पिटलातून सुटल्यावर चारेक आठवड्यांच्या आत सुरू केलं तर पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते, असं डॉक्टर सांगत होते. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार, हृदय तपासून घे, आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात चौकशी कर. तालुक्याला सोय नसेल तर आठ आठवडे काकूंना आमच्याकडे ठेव. आईला सोबत होईल, बोळातला रस्ता तिला पाठ आहे.

त्यांना पाणी हवं असेल तेव्हा माठाजवळ खुर्ची ठेव आणि उठू दे. तू फक्त जवळ उभा राहा.

काकूंना नमस्कार. रविवारी फोन करतो.

तुझा,
विनू