भाऊ, तुम्ही माझ्या आईला तिकीट नंबर विचारलात

आदरणीय भाऊंना,
सप्रेम नमस्कार.

असं चारचौघांत लिहिलेलं पत्र तुम्हाला आवडणार नाही. ‘माझं नाव कुठे घालू नका’ अशी परवा फोनवर ताकीदच दिलीत, म्हणून नाव घालत नाही. लालबाग-परळमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पण मनातल्या मनात आभार मानून माझं भागणार नाही. गिरणी कामगारांना मिळायच्या घरांसाठी पात्र कामगारांच्या यादीत आईचं नाव आल्याचं कळलं, तेव्हापासून लोकलमध्ये, ऑफिसात, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मी हेच पत्र मनात लिहिते आहे, आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडते. तिथे येईनच. आधी थोडं मागचं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही अकरा वर्षं उंबरे झिजवले. माझे बाबा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर कापड विणायला होते. त्यांचे गिरणीचे सगळे कागद २६ जुलै २००५ च्या पुरात गेले. तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होतो, ट्रंकेत पाणी शिरलं आणि हजेरी कार्डाचा लगदा झाला. पुढे बाबाही गेले. जिथे जावं तिथे एकच उत्तर, ‘नवऱ्याचा पुरावा नाही, मग आम्ही काय करणार?’ एका कचेरीतल्या माणसाने तर आई समोर उभी असताना मला विचारलं, ‘यांचे मिस्टर कुठल्या गिरणीत होते?’ एका नेत्याने आईच्या हातात अर्ज देतानाचा फोटो काढून घेतला आणि त्यानंतर आमचा फोन कधी उचलला नाही. एका दलालाने पंधरा हजार घेतले, ते मी सोसायटीचं कर्ज काढून दिले होते.

या प्रत्येक ठिकाणी आई हळूच म्हणायची, ‘मी पण होते हो गिरणीत.’ कुणी ऐकलं नाही. भाऊ, मीसुद्धा ऐकलं नाही. अर्जावर वारस म्हणून तिचं नाव मीच माझ्या हाताने लिहिलं होतं. आई गिरणीत जायची हे मला माहीत होतं, पण ती ‘गिरणी कामगार’ आहे असं माझ्या कधी मनातच आलं नाही. कामगार म्हणजे बाबा. टोपी, बिल्ला, संप, मोर्चा, सगळं बाबांचं. आई म्हणजे त्यांचा डबा भरणारी.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. खरं सांगते, यायची इच्छा नव्हती. तुम्ही डॉक्टरांचे माणूस, आणि आमच्या घरात गिरणी संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांचं नाव निघालं की बाबा ताट सरकवून उठायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. अडीच लाख कामगार घरी बसले होते, त्यात आमच्या घरातले दोन. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो नुसता विरत गेला. पुढच्या वर्षी सरकारने तेरा गिरण्यांचा ताबा घेतला, त्यात आमची नव्हती. बाबांना परत घेतलं नाही. ते आधी वॉचमन झाले, मग घरी बसले, मग नुसते बसून राहिले.

पण हेच बाबा, १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉक्टरांना गोळ्या घातल्याची बातमी आली, तेव्हा काही न बोलता चपला घालून घाटकोपरला गेले. रात्री उशिरा आले, जेवले नाहीत. दोन दिवसांनी संपाला पंधरा वर्षं पुरी होणार होती. त्या माणसावर एवढा राग असताना ते का गेले, हे मला तुमच्या कचेरीत बसेपर्यंत समजलं नव्हतं. दगडखाणीतल्या मजुरांना तपासता तपासता त्यांच्या मजुरीसाठी भांडायला उठलेला कोकणातल्या देवबागचा एक डॉक्टर. काँग्रेसचा आमदार असूनही आणीबाणीत तुरुंगात गेलेला. १९८४ च्या डिसेंबरात इंदिराबाईंच्या मृत्यूनंतरच्या लाटेत भलेभले पडले, तेव्हा संप हरलेल्या याच कामगारांनी त्यांना दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेत पाठवलं. हरलेले लोक आपल्या पुढाऱ्याला निवडून देतात, यामागे काहीतरी असणारच. तुम्ही म्हणालात, ‘आमच्यासारख्याला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. डॉक्टर खातं विचारायचे, गाव विचारायचे.’ बहुधा बाबांनाही कधीतरी विचारलं असेल.

तुमची स्वतःची हकीकत मी तुकड्यातुकड्यांत ऐकली, तीही तुमच्याकडून कमी आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्यांकडून जास्त. एकोणीस वर्षांचे बदली कामगार, महिन्यातले दहा-बारा दिवस काम मिळायचं. संपात आघाडीवर. संपानंतर गिरणीचं दार बंद, म्हणून घाटकोपर-ठाण्याकडच्या कारखान्यांत युनियनचं काम. एकदा नगरसेवक झालात, पुढच्या वेळी पडलात. निवडणुकीत पडल्यावर माणसं सहसा पक्ष बदलतात, नाहीतर धंदा काढतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला येऊन त्याच पत्र्याच्या खुर्चीवर बसलात, असं तो मिशीवाला म्हातारा मला सांगत होता. सांगताना त्याचा आवाज बदलला होता.

आता ते ठिकाण.

जून महिना, बाहेर पाऊस, तुमच्या खोलीत एकच ट्यूब, तीही लुकलुकणारी. भिंतीवर डॉक्टरांचा फोटो, त्याला सुकलेला हार. मी माझी फाइल उघडून नेहमीचं पुराण सुरू केलं. बाबांचं नाव, बाबांची गिरणी, पूर. तुम्ही ऐकत होतात. आई सवयीप्रमाणे म्हणाली, ‘मी पण होते हो.’

तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. खुर्चीवरून उठलात, टेबलाला वळसा घालून आलात आणि स्टूल ओढून आईच्या समोर बसलात.

‘वहिनी, कुठल्या खात्यात होता?’

‘वाइंडिंग.’

‘तिकीट नंबर?’

आई एकाहत्तर वर्षांची आहे, भाऊ. सकाळची गोळी घेतली की नाही ते तिला दुपारी आठवत नाही. तिने क्षणाचाही विलंब न लावता गिरणीतला आपला हजेरीचा नंबर सांगितला, ‘चारशे सतरा.’ ताठ बसून, हजेरी देतात तशी. पहिली पाळी, खात्यातला बारका कापूस नाकातोंडात जायचा म्हणून पदराने बांधलेलं तोंड, सूत गुंडाळायच्या कोनावर धागा चढत असताना तुटला की चिमटीत धरून मारायची गाठ, सगळं बोलू लागली. मी तिची लेक, आणि यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकत होते. तुम्ही मध्ये मध्ये विचारत होतात, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कोण होता, दाराकडची मशीन की खिडकीकडची. हे तुम्ही कागदासाठी विचारत नव्हतात, हे मला कळत होतं.

मग तुम्ही माझा अर्ज घेतलात, ‘वारस’ या शब्दावर पेनाने सरळ रेघ ओढलीत आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंत, ‘कामगार’. कागद आईच्या हातात दिलात, माझ्या नाही. ‘वाचून बघा, बरोबर आहे का.’

आईने चष्मा लावून तो एकच शब्द कितीतरी वेळ वाचला.

पुढे तुम्ही आईची नोंद कुठल्या जुन्या वहीतून शोधलीत, त्यासाठी गुडघे दुखत असताना किती जिने चढलात, ते मला पुरतं माहीत नाही आणि तुम्ही सांगणारही नाही. १ जानेवारी १९८२ ला जो पटावर होता त्याचा घरावर हक्क, हा नियम अकरा वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होता. त्यात नवरा किंवा बायको असं कुठेही लिहिलेलं नाही. ते आमच्या आणि सगळ्यांच्या डोक्यात लिहिलेलं होतं.

भाऊ, घर अजून लागलेलं नाही. ते कधी लागेल हेही सांगता येत नाही, मला हिशेब कळतो. दीड लाखाहून जास्त अर्ज, आणि २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं ६,९२५. गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा घरांसाठी मिळेल असं १९९१ ला ठरलं होतं. पुढे २००१ मध्ये नियम असा फिरवला की हिस्सा फक्त मोकळ्या जागेचा, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला. गिरणीच्या शेडखालची जमीन आमच्या हिशेबातूनच गेली. आमच्या गिरणीच्या जागी आज काचेची इमारत आहे. तिच्या फाटकावर आईला कुणी उभंही राहू देत नाही, मी एकदा नेऊन पाहिलं. त्यामुळे हे आभार घराचे नाहीत.

जे मिळालं ते त्यापेक्षा जुनं देणं होतं. चाळीस वर्षं कुणी न विचारलेला नंबर तुम्ही विचारलात. परतीच्या गाडीत आईने पदराच्या काठाचा एक धागा उपसला, तोडला, आणि माझ्या मुलीला गाठ मारून दाखवली. दोन बोटांत धरली, फिरवली, झाली. मुलगी म्हणाली, ‘आजी, परत दाखव.’ कुर्ला ते डोंबिवली आईने तीच गाठ किती वेळा मारली असेल. शेजारच्या बायका बघत होत्या, आणि आई त्यांना सांगत होती, ‘मी वाइंडिंगला होते.’

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. दुसऱ्या खेपेला मी तुम्हाला जरा चढ्या आवाजात विचारलं होतं, की तुमच्या संपाने आमच्या घराचं काय झालं हे तुम्हाला माहीत आहे का. आज त्या आवाजाबद्दल वाईट वाटतं. तुम्ही १९४६ च्या कायद्याचं कारण पुढे करू शकला असता. एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करायचा हक्क, तो कायदा रद्द करा ही तर संपाची मोठी मागणी होती. मालकांचं, सरकारचं नाव घेऊ शकला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं. तुम्ही म्हणालात, ‘कुठे थांबायचं ते आम्हाला कळलं नाही. त्याची किंमत तुमच्या घराने दिली. ती मला भरून देता येणार नाही, म्हणून मी इथे बसतो.’ माझ्या उभ्या आयुष्यात एवढं सरळ उत्तर मला कुठल्या पुढाऱ्याने दिलेलं नाही. बाबा असते तर त्यांनी ते ऐकलं असतं आणि तुमच्याकडचा चहा घेतला असता, असं मला वाटतं.

मुंबईत अशी माणसं होती हे मी वाचून होते. बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी शेवटपर्यंत झगडणारे मॉडर्न मिलचे दत्ता इस्वलकर २०२१ ला गेले, तेव्हा आता या कामात कुणी उरलं नाही असं मीही म्हणाले होते. तेव्हा मला तुमची ती खोली माहीत नव्हती. संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारसुद्धा.

मागच्या वेळी पेढ्यांचा पुडा तुम्ही परत पाठवलात, आईला ते फार लागलं. या वेळी गावाहून आलेली कोकमं पाठवते आहे. घरच्या झाडाची आहेत, आईने स्वतः उन्हात घालून वाळवलीत. विकतची नाहीत, तेव्हा परत करायला कारण नाही. शनिवारी मुलगी घेऊन येईल. तिला वाइंडिंग खात्याबद्दल तुम्हाला काहीतरी विचारायचं आहे म्हणे, वहीत प्रश्न लिहून ठेवलेत.

आपली नम्र,
वाइंडिंग खातं, पहिली पाळी, तिकीट नंबर ४१७ हिची लेक