चौघांत बसून बास वाजव

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनच करणार होतो पण तू दिवसभर कॉलवर आणि मी दुकानात, आणि हे काय दोन वाक्यात सांगण्यासारखं नाही म्हणून निवांत बसून लिहायलो. सावकाश वाच.

तू म्हणलास की आता बँडबिंड नको, फ्लॅटवर हेडफोन लावून बास गिटार वाजवतो तेच बरंय, कुणाची वाट बघायची नाही, कुणाशी वाद नाही, मोबाईलवर गाणं लावलं की सुरू. घरी वाजवायचं सुख मला शंभर टक्के मान्य आहे. पण बँड नको हे अजिबात पटलं नाही, आणि तुझ्यासारखा हात असलेल्या माणसानं असं म्हणावं याचं खरंच वाईट वाटलं.

आधी घरचंच बोलतो. माझा पण आवडता वेळ सकाळचाच आहे, शटर उघडायच्या आधीचा. आई पूजेला बसलेली असते म्हणून ॲम्प लावत नाही. नुसत्या बासला आवाज नसतो हे तुला माहितीच आहे, तर मी बासचं डोकं, खुंट्यांचा भाग, लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवतो, अख्खं कपाट बोलायला लागतं. करून बघ, पण लाकडीच पाहिजे, लोखंडी कपाट नुसतं खडखडतं. आणि संध्याकाळी ॲम्प लावला की मांडणीवरचं एक ताट ए च्या मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजवलेल्या, तारेला झणझणतं, दुसऱ्या कुठल्याच सुराला नाही. आई ते ताट उचलून ओट्यावर ठेवते आणि परत कामाला लागते, काही बोलत नाही. मेट्रोनोम, लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 50 वर लावायचा आणि तो क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला धरायचा, म्हणजे गाणं 100 च्या लयीत जातं आणि सम आपली आपल्यालाच सांभाळावी लागते, हा रियाज घरीच होतो. डाव्या हाताची बोटं न वाजणाऱ्या तारा दाबून गप्प ठेवायला शिकतात ती पण घरीच. स्टेजवर ह्यातलं काही शिकता येत नाही, तिथं आहे तेवढंच बाहेर येतं. म्हणून घरी वाजवणं बंद कर असं मी कधीच म्हणणार नाही.

पण एक लक्षात घे, घरी तू तुझा स्वतःचा बास पूर्ण ऐकलेलाच नाहीस. मोकळी ई ची तार 41 हर्ट्झला वाजते, तिची हवेतली लाट 8 मीटरपेक्षा लांब. आपली खोली 10 बाय 12 फुटाची, म्हणजे लाट खोलीच्या दुपटीहून मोठी. म्हणून कोपऱ्यात बसलं की आवाज घुमतो आणि मधे आलं की गायब होतो, हात तोच असतो. आणि घरच्या छोट्या ॲम्पचा स्पीकर सहा नाहीतर आठ इंची, तो खालचा मूळ सूर नीट देतच नाही, वरचे उपस्वर ऐकून आपला कानच खालची जागा भरून काढतो. मानवतच्या पुढं एका गावात जयंतीच्या कार्यक्रमात मोकळ्या मैदानावर सबवूफरमधून माझीच ई ची तार ऐकली तेव्हा पायाखालची फळी हलली, आणि मला वाटलं की हे वाद्य मी आजपासून वाजवायलो.

तरी आवाज ही वरवरची गोष्ट झाली. खरी गोष्ट अशी की मोबाईलवरचं गाणं तुझं ऐकत नाही. तू पुढं गेलास, मागं राहिलास, जास्त वाजवलंस, त्या रेकॉर्डला काही फरक पडत नाही, ते चालत राहतं. त्यात आधीच एक बासवाला वाजवून गेलेला असतो आणि आपण त्याच्यावर आपलं वाजवतो. तो सगळं सांभाळतो, म्हणून आपण काहीही वाजवलं तरी बरंच वाटतं.

आमच्या ग्रुपात ढोलकीवाले मामा आहेत, साठीच्या पुढं, आयुष्यभर जयंतीचे कार्यक्रम आणि भजनं वाजवलेत. तुला माहितीय आपल्याकडं 14 एप्रिल एक दिवसाचा नसतो, एप्रिल संपून मे लागला तरी गावोगावी जयंत्या चालूच असतात, तेवढे दिवस आमचा टेम्पो रस्त्यावरच. तर मामांच्या शेजारी बसून केहरवा ताल वाजवताना मला जे कळलं ते हेडफोनमध्ये कधी कळलंच नसतं. धा गे ना ती ना के धी ना, आठ मात्रा. यात डाव्या हाताचा घुमार धा ला येतो, गे ला येतो आणि मग एकदम धी ला. मधल्या मात्रा खालून रिकाम्या. आता बासची जागा पण खालीच, आणि ढोलकीचा डावा हात पण तिथंच, दोघं एकदम बोलायला लागले की चिखल होतो, ना शब्द कळतो ना ताल. मग काय करायचं, तर पहिल्या मात्रेला मामांच्या बरोबर षड्ज, म्हणजे सा, आणि लगेच हात ठेवून तो बंद, गे त्यांना सोडून द्यायचा, पाचव्या मात्रेला पंचम, म्हणजे प, तिथं ते गप्प असतात, तो थोडा लांबवायचा आणि धी च्या आधी उचलायचा. एवढंच. कागदावर लिहिलं तर दोन सूर आहेत. पण ते दोन सूर जागेवर बसले ना, की मामा मान न वळवता नुसते भुवईनं हो म्हणतात, आणि मागं कोरसवाल्या पोरी आपोआप टाळ्या द्यायला लागतात. घरी मी सूर कधी सुरू करायचा एवढाच विचार करायचो, सूर कधी संपवायचा हा पण तेवढाच मोठा विषय आहे आणि तो समोर माणूस असल्याशिवाय येतच नाही.

आणि लय म्हणशील तर, मेट्रोनोम चढत नाही, माणसं चढतात. शेवटच्या अंतऱ्याला लग्गी, ढोलकीचं जलद वाजवणं, सुरू झाली की सगळा ग्रुप पुढं ओढतो, पब्लिक उठून नाचायलेलं असतं, गायक हात वर करून मुखडा परत घेतो, ठरलेलं असतं दोनदा आणि तो घेतो चारदा. तिथं बासवाल्यानं किती जाऊ द्यायचं आणि कुठं पाय रोवायचा, हे सगळं गायकाच्या पाठीकडं बघून ठरवावं लागतं. त्याचा डावा खांदा खाली आला की तो संपवणार. हे मला कुणी सांगितलं नाही, मागं उभं राहून बघून कळलं.

स्केलचं पण ऐक. तू घरी सगळी गाणी मूळ पट्टीत वाजवतोस. इथं गायक माईकवर गेल्यावर मागं वळून म्हणतो आज काळी दोन घ्या, घसा बसलाय. काळी दोन म्हणजे कीबोर्डच्या दुसऱ्या काळ्या बटणाचा सूर, डी शार्प, सा धरायचा; आपल्या चार तारांवर बघ, सर्वात खालच्या मोकळ्या ई पेक्षा अर्धा सूर खाली, म्हणजे तो खालचा सा बासवर नाहीच. ए च्या तारेवर सहाव्या फ्रेटला, दांडीवरच्या धातूच्या सहाव्या आडव्या काडीला, जाऊन बसायचं आणि मोकळी तार विसरायची. म्हणून बरेच जण पाच तारांचा घेतात, पाचवी खाली बी, 31 हर्ट्झ. पण मला तरी चारच बऱ्या वाटतात, अडचण आली की हात नवीन रस्ता शोधतो, आणि लगीनघाईत सापडलेले रस्ते पुढं कायम कामाला येतात.

टोन पण बदलावा लागतो. घरी आपण खालचा आणि वरचा नॉब फुल, मधला शून्य, नव्या तारा, काय गोड वाटतं. तोच टोन कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) यांच्यात नेला की खालचा भाग मैदानात विरून जातो, वरचा किणकिणाट गायकाच्या शब्दात घुसतो, आणि आपण तिथं आहोत का नाही हेच कळत नाही. मधला नॉब वर कर. एकटा ऐकलास तर नाकात बोलल्यासारखा वाटेल, पण सगळ्यांत तोच ऐकू येतो. जुन्या तारा असल्या तर अजून चांगलं. मोटाऊन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर बास वाजवणारा जेम्स जेमर्सन, त्याच्या तारा जुन्या सपाट गुंडाळीच्या आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. एवढ्या गाण्यांत तो आहे पण कित्येक वर्षं रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचं नावच छापलं जात नव्हतं. आपल्याकडं आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ वाजवायचे, रहमानकडं कीथ पीटर्स. गाणी गल्लीतल्या पोराला पाठ आहेत, ही नावं दहा जणांना विचार, एकालाही माहीत नसतील. मला ह्याचा राग येतो, खरंच येतो. पण त्याच बरोबर असं वाटतं की ह्या माणसांनी गाण्याच्या खाली राहून जे केलं ते एकट्यानं खोलीत बसून झालंच नसतं.

गावातल्या स्टेजची एक गंमत सांगतो, तुला आवडेल. पेंडॉलला अर्थिंग नसतं, आकडा टाकलेला असतो, जॅक लावला की हमिंग सुरू. हे हमिंग 50 हर्ट्झचं, आणि ई च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा खालचा जी 49 चा. जी धरून ठेवलास की साधारण सेकंदाला एक अशी लाट येते, वाँव, वाँव. आधी वाटतं बासच बेसूर आहे. डीआय बॉक्स, बास मिक्सरला जोडायची डबी, घेऊन जा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघ, कधी कधी जातं. आणि कायम ढोलकी-ऑक्टोपॅडच्या जवळ उभा राहा. आवाज सेकंदाला 340 मीटरच जातो, मोठ्या स्टेजच्या दुसऱ्या टोकाला 10 मीटरवर उभा राहिलास तर त्यांचा ठोका तुला 30 मिलीसेकंद उशिरा येणार, आणि तू कितीही पक्का असलास तरी मागंच पडणार. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला बोचतात, बारीक कानशीनं घासून घ्यावी लागतात. आणि संध्याकाळी तापल्या स्टेजवर ट्यून केलेला बास रात्री अकराला गार वारं सुटलं की चढतो, दर दोन गाण्यांनी बघावं लागतं.

आता तुझं खरं कारण. मला माहितीय हे मूड-बिड नाही. तू ज्या ग्रुपात होतास त्यांनी तुला सीझनभर फिरवलं आणि पैशाच्या वेळेस सांगितलं की कीबोर्डचा डावा हात बास वाजवतोच, तुझी काय गरज होती. हे वाक्य तुझ्या मनात रुतून बसलंय, तू कधी बोलला नाहीस तरी मला कळतं. ते चूक वागले, सरळ चूक. हिशोबाच्या बाजूनं बघितलं तर छोट्या ग्रुपला एक माणूस कमी म्हणजे एक वाटा कमी, म्हणून सगळीकडं डाव्या हातावरच भागवतात, मराठवाड्यात तर फारच. पण कीबोर्डवाल्याचा डावा हात सूर देतो, तो ढोलकीचं ऐकत बसत नाही, त्याचं अर्धं लक्ष उजव्या हातात असतं. आमच्या कीबोर्डवाल्या सरांना पहिल्यांदा डावा हात उचलायला जड गेलं, दोन-तीन प्रॅक्टिसला आम्ही दोघं एकदमच खालचं वाजवायचो. मग एका गाण्यात त्यांनी आपणहून उचलला, आणि तो हात मोकळा झाल्यावर त्यांनी मधल्या पट्टीत जी काय कॉर्डची भरणी केली, मामा वाजवता वाजवता वा म्हणाले. आता सरच नव्या माणसांना सांगतात की बास पाहिजे. आणि पैशाचं आमच्यात आधी ठरतं, टेम्पो आणि जेवण वजा करून बाकीचे सारखे वाटे, कार्यक्रम संपला की तिथंच.

तू गौरी-गणपतीला परभणीला येणारच आहेस. आमचे त्या आठवड्यात सेलू आणि गंगाखेडचे कार्यक्रम आहेत, मंडळाचे, मोठे नाहीत. माझा भाचा बासच्या जागी बसणार होता पण त्याची परीक्षा आली, आणि मला ह्या सीझनला गायकाबरोबर दुसरा आवाज द्यायचाय, दोन्ही एकदम जमणार नाही. म्हणून जागा खरंच रिकामी आहे, तुझ्यासाठी म्हणून काढलेली नाही. वहिनीला विचार, काकूंना मी सांगतो.

प्रॅक्टिस आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, रात्री नऊनंतर. ॲम्प इथं आहे, तू फक्त बास आणि तुझी चांगली लांब केबल आण, इथल्या दोन्ही केबल हलवल्या की खरखर करतात. गाण्यांची यादी आणि पट्ट्या उद्या पाठवतो, दोन गाणी काळी दोनची आहेत, तेवढी आधी हाताखालून घाल. आणि पट्टा पण आण, खुर्चीवर बसून वाजवायची सवय लागली असेल तर उभं राहून मनगट वेगळं पडतं, आतापासून उभा राहूनच वाजव.

रविवारपर्यंत कळव, सरांना सांगायचंय.

तुझा,
पप्या