आई, माळ्यावर चढू नकोस

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो, म्हणून पत्रानेच कळवते. बँकेचा राजीनामा मी गेल्या महिन्यात दिला आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकास व कुटुंब अभ्यास, म्हणजे मुख्यतः मुलांची वाढ कशी होते, या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतला. तुम्हाला आधी विचारले नाही, हे मला रात्रंदिवस टोचते आहे. बाबा, माझ्यावर रागवा, पण जेवण टाकू नका.

आई, तू तीस वर्षे अंगणवाडी चालवलीस आणि तुझ्या हाती वेतन नव्हे, मानधनच पडले. माझी बँकेची नेमणूक आली तेव्हा तू देवापुढे साखर ठेवलीस, ते मी विसरलेले नाही. पण सगळे ज्याला मुका म्हणत, तो वाडीतला मुलगाही मी विसरू शकत नाही. तू त्याच्या पाठीमागे पातेल्यावर चमचा वाजवलास, बाकीची मुले दचकली आणि तो मात्र खाली मान घालून चिंचोके मांडत राहिला. "अगं, याला ऐकूच येत नाही," असे तू म्हणालीस, तेव्हा तो पाच वर्षांचा झाला होता आणि भाषा उमलण्याची त्याची वर्षे हातची गेली होती. असे मूल वेळेत ओळखणे आणि ओळखल्यावर काय करावे हे जाणणे, यासाठीच मला शिकायचे आहे.

बाबा, मुले सांभाळायला पदवी कशाला, असे तुम्ही म्हणाल. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटले आहे, आणि तीन ते आठ या वयाला त्याने शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आहे. ज्या डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणासाठी आयुष्य वेचले, तिथली मी मुलगी. मला हे परके कसे वाटावे? पुढे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काम करता येते, बालवाडीच्या शिक्षिकांना प्रशिक्षण देता येते, लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन बालविकास प्रकल्प अधिकारी होता येते. सुरुवातीचा पगार बँकेइतका नसेल, हे मी लपवत नाही. मात्र बाबांच्या औषधांचे पैसे मी दोन वर्षांपुरते वेगळे काढून ठेवले आहेत.

वसतिगृहाची खोली हवेशीर आहे, दोन्ही वेळचे जेवण गरम मिळते. वरण गोड असते, पण तुझे लसणीचे तिखट सोबत आहे. डहाणूहून थेट गाडी आहे, त्यामुळे हाक मारलीत तर त्याच दिवशी पोहोचेन. अजूनही झोपताना तुझ्या पदराची आठवण येते, हे मात्र कोणाला सांगू नकोस.

बाबांनी साखरेची तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी. टाळाटाळ चालणार नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज कर, आणि चिंचोक्यांची पिशवी काढायला माळ्यावर मुळीच चढू नकोस. दिवाळीला आले की मीच काढीन.

तुमची,
मनू