इमारतीसाठी सामायिक इंटरनेट जोडणी घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

महोदय,

प्रत्येक घराने आपापली जोडणी घेतल्यामुळे जिन्यालगतच्या डक्टमध्ये वायरींचे जंजाळ झाले आहे. तिसऱ्या मजल्यावरील डक्टचे दार तर लागतच नाही. चिकटपट्टी गुंडाळलेल्या जुन्या वायरी बाहेर लोंबतात आणि त्यांपैकी चालू कोणती, बंद कोणती, हे दुरुस्तीला येणाऱ्यालाही ओळखता येत नाही. यावर उपाय म्हणून इमारतीसाठी एकच सामायिक जोडणी घेण्याचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, ही विनंती.

मात्र इमारतीतील वायरिंग सोसायटीच्याच मालकीचे असावे आणि कंपनीकडून केवळ इमारतीपर्यंतची फायबर लाइन घ्यावी, असा माझा आग्रह आहे. वायरिंग कंपनीचे असले की सेवा कितीही ढासळली तरी कंपनी बदलणे म्हणजे पुन्हा सगळी तोडफोड, आणि ही आपली अडचण कंपनीही ओळखून असते. आपल्या घरगुती जोडणीतूनच शेजाऱ्यांना इंटरनेट देऊ, अशीही एक सूचना कानावर आली. परंतु घरगुती योजनांच्या अटींत अशा वाटपाला बहुधा मनाई असते, म्हणून वाटपाची परवानगी करारात लेखी असलीच पाहिजे.

जिन्यात वाय-फाय बसवून सर्वांना एकच पासवर्ड द्यावा, हे मला मुळीच पटत नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न आणणारी 1, 6 आणि 11 अशी जेमतेम 3 चॅनेल मिळतात व तिथे शेजारपाजारच्या राउटरांची आधीच गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झवर जागा अधिक असली तरी तो सिग्नल भिंतींतून जाताना लवकर क्षीण होतो. शिवाय सगळे एकाच नेटवर्कवर आले की एका घरातला प्रिंटर किंवा कॅमेरा दुसऱ्या घरातून दिसू शकतो, आणि लहान मुले असलेल्या घरांसाठी ही गोष्ट अजिबात किरकोळ नाही. त्यामुळे प्रत्येक घरात केबल जावी आणि स्विचवर, म्हणजे या सर्व केबल एकत्र जोडणाऱ्या उपकरणावर, प्रत्येक घरासाठी वेगळे व्हीएलएएन (इतर घरांना न दिसणारे स्वतंत्र नेटवर्क) असावे. तांब्याची नेटवर्क केबल सलग 100 मीटरपर्यंतच भरवशाची असल्याने वरच्या मजल्यांपर्यंत फायबर नेऊन तिथून पुढे केबल वाटणे योग्य ठरेल. वीज गेल्यावर घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, तरी सामायिक स्विच बंद पडला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून स्विचला यूपीएस हवाच.

संध्याकाळी बहुतेक घरे एकाच वेळी व्हिडिओ पाहतात, तेव्हा एका घराच्या डाउनलोडमुळे दुसऱ्या घरातल्या विद्यार्थ्याचा वर्ग अडू नये, यासाठी गर्दीच्या वेळी प्रत्येक घराला किमान किती वेग मिळेल हे करारात नमूद असावे. ज्यांना कार्यालयाने जोडणी दिली आहे, त्यांच्यावर मासिक शुल्काची सक्ती नसावी.

दरपत्रके मागवताना वायरिंगचा खर्च आणि लाइनचे मासिक शुल्क स्वतंत्रपणे मागवावे व ती सभेपूर्वी सर्व सभासदांना पाहता यावीत. डक्टची पाहणी आणि बंद वायरींची नोंद करण्याच्या कामात मी समितीसोबत उभा राहीन.

आपला विश्वासू,
एक सभासद